मुद्दल परत आलं की बाँड फंड विकू?

पत्राचा सारांश : मिसिसागात राहणाऱ्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. वय ३८, नवरा ४१, मुलगी चार वर्षांची, जन्म इथलाच. जून २०२१ मध्ये पीआर (कायमचा रहिवास) घेऊन हे कुटुंब पुण्याहून आलं. दोघेही वर्षाला साधारण ७५,००० डॉलर कमावतात. जानेवारी २०२२ मध्ये बँकेत "आम्हाला जोखीम नको" असं सांगितल्यावर तिथल्या प्रतिनिधीनं दोघांच्या टीएफएसए (करमुक्त बचत) खात्यांत १२,००० प्रमाणे २४,००० डॉलर बँकेच्या बाँड फंडात घातले. आज त्यांचे २२,९०० झाले आहेत. मुद्दल परत आलं की विकायचं, असं ताईंनी ठरवलं आहे. शिवाय ३०,००० डॉलर बचत खात्यात आहेत आणि दोन वर्षांत घर घ्यायचं आहे. नवरा म्हणतो, ते बँकांच्या शेअरमध्ये घालू, पाच टक्के डिव्हिडंड म्हणजे एफडीच झाली. ब्रॅम्प्टनचा चुलत दीर सांगतो, टीएफएसएत माणशी १,०९,००० डॉलर भरता येतात, सगळं तिथंच टाका. ऑफिसातल्या एकानं कॅनडा सेव्हिंग्ज बाँड सुचवले. सासऱ्यांचं म्हणणं, हे सगळं सोडा आणि पैसे पुण्यात एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) एफडीत ठेवा. पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे. ताई विचारतात : "शेअर की बाँड? आणि बाँड जर सुरक्षित, तर आमचे पैसे कमी कसे झाले?"

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मनाला लागलेला एकच दिसतो : जोखीम नको म्हणून सांगूनही पैसे कमी झाले. तिथूनच सुरुवात करू. त्याचं कारण नीट कळलं की "शेअर की बाँड" हा गुंता बराचसा सुटतो.

एफडीत वाढलेल्या आपल्या माणसांना बाँड फंड हा एफडीचाच भाऊ वाटतो. तो तसा नाही. समजा, जानेवारी २०२२ मध्ये तुम्ही शंभर डॉलर दर्शनी किमतीचा, पाच वर्षं मुदतीचा, वर्षाला दीड डॉलर व्याज देणारा सरकारी बाँड, म्हणजे कर्जरोखा, घेतला. वर्षभरानं बाजारात येणारे नवे बाँड साडेतीन टक्के देऊ लागले. आता तुमचा दीड टक्क्याचा कागद पूर्ण शंभराला कोण घेईल? उरलेली चार वर्षं त्यावर दर वर्षी दोन डॉलर कमी मिळणार, म्हणून घेणारा ती कसर किमतीतून कापून घेतो आणि बाँड साधारण ९२ डॉलर ६५ सेंटला जातो. सरकार बुडालेलं नाही, व्याजाचा हप्ता चुकलेला नाही, तरी किंमत सात टक्क्यांहून जास्त खाली. मात्र हाच बाँड मुदत संपेपर्यंत धरून ठेवला, तर शंभरचे शंभर हातात येतात.

फंडाला अशी मुदत संपण्याची तारीख नसते. त्यात शेकडो बाँड असतात, जुने जातात, नवे येतात आणि रोज संध्याकाळी सगळ्यांची बाजारभावानं बेरीज होते. फंडाच्या माहितीपत्रकावर "ड्युरेशन" नावाचा एक आकडा असतो, तो जरूर पाहा. कॅनडातल्या सर्वसाधारण बाँड फंडांत तो सातच्या आसपास असतो. त्याचा अर्थ असा की व्याजदर एक टक्क्यानं वाढले तर फंड ढोबळ मानानं सात टक्के उतरतो आणि एक टक्क्यानं घटले तर तेवढाच चढतो. तुम्ही पैसे घातले तेव्हा बँक ऑफ कॅनडाचा दर पाव टक्का होता. मार्च २०२२ पासून तो वाढायला लागला आणि जुलै २०२३ मध्ये पाच टक्क्यांवर पोचला. एकट्या २०२२ मध्ये कॅनडाचा मुख्य बाँड निर्देशांक पावणेबारा टक्क्यांच्या आसपास घसरला. तुम्ही नेमक्या त्याच्या तोंडावर आत शिरलात.

आता बँकेतल्या त्या दिवसाबद्दल. खातं उघडताना एक प्रश्नावली भरून घेतात : घसरण झाली तर तुम्ही काय कराल, किती जोखीम झेपेल वगैरे. तुम्ही "कमी" म्हणालात आणि त्या उत्तराला जुळणारा फंड समोर आला. पण हे पैसे कधी लागणार आहेत, या प्रश्नाला तिथं फारसं वजन मिळालेलं दिसत नाही. खरं तर सुरक्षितता त्या तारखेवर ठरते. दोन वर्षांनी लागणाऱ्या पैशाला सात ड्युरेशनचा बाँड फंडही धोक्याचा. वीस वर्षांनी लागणाऱ्या पैशाला नुसता बाँड फंड वेगळ्या रीतीनं धोक्याचा, कारण महागाई आणि खर्च वजा जाता हातात थोडंच उरतं.

तुमच्या ११०० डॉलरच्या तुटीकडे जरा जवळून पाहू या. माहितीपत्रकावर वर्षाचा खर्च, म्हणजे एमईआर, १.३ टक्के असल्याचं तुम्ही पत्रात लिहिलं आहे. बावीस-तेवीस हजारांवर तो वर्षाला पावणेतीनशे ते तीनशे डॉलर होतो, चार वर्षांत साडेअकराशेच्या घरात. हे पैसे कुठं बिल म्हणून दिसत नाहीत, रोजच्या किमतीतून आपोआप वळते होतात. म्हणजे २०२२ नं पाडलेला खड्डा बाँडांनी नंतरच्या वर्षांतल्या व्याजानं जवळजवळ भरून काढला आहे. आज दिसणारी तूट बहुतेक त्या खर्चाएवढीच आहे.

म्हणून "मुद्दल परत आलं की विकेन" या निर्णयाचा फेरविचार करा, असं मी कळकळीनं सांगेन. तुम्ही चोवीस हजाराला घेतलं होतं हे त्या फंडाला ठाऊक नाही. विचारायचं एवढंच : आज माझ्या हातात रोख २२,९०० असते, तर मी हाच फंड पुन्हा घेतला असता का? उत्तर नाही असेल, तर थांबण्यात दर महिन्याला पंचवीसेक डॉलर खर्चापोटी जातात आणि पैसा नको त्या जागी पडून राहतो. टीएफएसएच्या आत विकल्यावर कर लागत नाही. तोटाही दाखवता येत नाही, म्हणून तोट्यासाठी अमुक तारखेपर्यंत थांबावं असंही काही नाही.

विकायचं, पण खात्यातून काढायचं नाही. इथं पुष्कळ जण फसतात. टीएफएसएतून काढलेली रक्कम परत भरण्याची जागा पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीलाच मिळते, आणि काढले २२,९०० तर जागाही तेवढीच परत येते, चोवीस हजार नाही. दुसऱ्या संस्थेकडे जायचं असेल तर आधी तिथं टीएफएसए उघडा आणि त्यांच्याच ट्रान्स्फर फॉर्मवर पैसे मागवा. फॉर्मवर "रोख स्वरूपात" निवडा, कारण बँकेचे स्वतःचे फंड बहुधा दुसरीकडे जसेच्या तसे ठेवता येत नाहीत. एक ते तीन आठवडे लागतात. जुनी बँक दीडशे डॉलरपर्यंत शुल्क कापते. नवी संस्था ते बऱ्याचदा भरून देते, पण आपण विचारलं आणि पावती पाठवली तरच.

दिरांच्या आकड्याबद्दल सावध राहा. १,०९,००० ही २००९ पासून २०२६ पर्यंतची एकूण मर्यादा आहे, आणि ती या सगळ्या वर्षांत इथं राहणाऱ्या, अठरा पूर्ण झालेल्या माणसाची. तुमची मोजणी २०२१ पासून सुरू होते : २०२१ आणि २०२२ चे सहा-सहा हजार, २०२३ चे साडेसहा, २०२४, २०२५ आणि २०२६ चे सात-सात. एकूण ३९,५००. त्यातले १२,००० वापरलेत, म्हणजे प्रत्येकी २७,५०० शिल्लक. यजमानांनी दिरांवर विसंबून सगळे ३०,००० एकट्याच्या खात्यात टाकले, तर २,५०० जास्तीचे ठरतील आणि ते काढेपर्यंत महिन्याला एक टक्का, म्हणजे पंचवीस डॉलर, दंड बसेल. सीआरएच्या, म्हणजे कॅनडाच्या करखात्याच्या, "माय अकाउंट"मध्ये जागा दिसते, पण तो आकडा १ जानेवारीचा असतो. चालू वर्षातली भर त्यात नसते, आणि संस्थांची माहिती पोचेपर्यंत गेल्या वर्षीचीही काही राहून गेलेली असू शकते. शिवाय पहिल्या रिटर्नमध्ये कॅनडात आल्याची तारीख चुकली असेल, तर तो आकडाच चुकीचा असतो. स्वतःची वही ठेवा : तारीख, किती भरले, किती काढले.

आता घराचे तीस हजार. यजमानांना डिव्हिडंड एफडीसारखा वाटतो, यात त्यांना दोष देता येत नाही. कॅनडातल्या मोठ्या बँकांनी त्या विश्वासाला जागून दाखवलं आहे. बँक ऑफ माँट्रियल १८२९ पासून डिव्हिडंड देते आहे. पण एफडीत मुद्दल परत देणं हा करार असतो. शेअरमध्ये मुद्दलाचा करार नसतो आणि डिव्हिडंडचाही नसतो, संचालक मंडळ दर तिमाहीला तो नव्यानं ठरवतं. बीसीई ही टेलिफोन कंपनी डिव्हिडंडसाठी घराघरांत धरलेली, तिनं मे २०२५ मध्ये वर्षाचा ३.९९ डॉलरचा डिव्हिडंड १.७५ वर आणला. मुद्दलाचं म्हणाल तर २० फेब्रुवारी ते २३ मार्च २०२० या महिन्याभरात टोरोंटोचा निर्देशांक ३७ टक्के कोसळला होता. तुमच्या तीस हजारांवर दोन वर्षांत डिव्हिडंड मिळेल तीन हजार. शेअर वीस टक्के पडले तर जातील सहा हजार, आणि नेमकं तेव्हाच बिल्डरचा हप्ता किंवा क्लोजिंगची (घराचा व्यवहार पुरा करण्याची) तारीख आली तर पडत्या भावात विकण्यावाचून गत्यंतर नाही. शेअर पुन्हा वर येतीलही, पण क्लोजिंगची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही.

या पैशासाठी तुमच्या पत्रात कुणीच न सुचवलेली एक जागा आहे : एफएचएसए, पहिल्या घरासाठीचं बचत खातं. एप्रिल २०२३ मध्ये ते सुरू झालं. वर्षाला ८,००० आणि आयुष्यात ४०,००० डॉलर भरता येतात. भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि घर घेताना काढली तर त्यावरही कर नाही. पुण्यात फ्लॅट असताना तुम्ही "पहिल्यांदा घर घेणारे" कशा, असा प्रश्न पडेल. नियम मालकीपुरता नाही, मालकीच्या घरात राहण्याचा आहे : चालू वर्षात खातं उघडण्याआधी आणि मागच्या चार वर्षांत स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या मालकीच्या मुख्य घरात तुम्ही राहिलेल्या नसाव्यात, मग ते घर परदेशात असलं तरी. जून २०२१ पर्यंत तुम्ही पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतात, म्हणून २०२५ मध्ये खातं उघडलं असतं तर २०२१ हे वर्ष आडवं आलं असतं. २०२६ मध्ये मागची चार वर्षं २०२२ ते २०२५ अशी होतात आणि त्या चारही वर्षांत तुम्ही भाड्याच्या घरात आहात. दाराची कडी याच वर्षी निघाली आहे.

जागा खातं उघडल्यापासून मोजली जाते, म्हणून उशीर करू नका. दोघांनी ३१ डिसेंबरच्या आत आठ-आठ हजार भरा. आरआरएसपी या निवृत्तीच्या बचत खात्यासारखे पुढच्या वर्षीचे पहिले साठ दिवस इथं मिळत नाहीत. ओंटारिओत तुमच्या उत्पन्नावर शेवटच्या डॉलरला जवळजवळ तीस टक्के कर आहे, म्हणजे सोळा हजारांवर पुढच्या वसंतात साधारण ४,७०० डॉलर परत येतील. कुठला शेअर तुम्हाला एवढ्या खात्रीनं एवढं देईल? उरलेले चौदा हजार बचत खात्यात ठेवा आणि जानेवारीत पुन्हा एफएचएसएत हलवा.

एफएचएसएच्या आत काय घ्यायचं, तर जीआयसी. हीच तुमची इथली एफडी. घेताना दोन गोष्टी पाहायच्या. पहिली मुदत : मोडता न येणारी जीआयसी म्हणजे खरोखर मोडता न येणारी, आपल्याकडे अर्धा टक्का दंड भरून एफडी मोडतात तशी सोय तिथं नसते. म्हणून आठ हजारांपैकी अर्धे एक वर्षाच्या आणि अर्धे केव्हाही काढता येणाऱ्या जीआयसीत ठेवा. दुसरी गोष्ट नावाची : "मार्केट-लिंक्ड" जीआयसीत मुद्दल शाबूत असलं तरी व्याज शून्य येऊ शकतं. सीडीआयसी या सरकारी ठेव विमा संस्थेचं विमाछत्र एका सदस्य बँकेत, खात्याच्या प्रत्येक प्रकाराला, १,००,००० डॉलरपर्यंत जीआयसीला मिळतं. बाँड फंडाला ते नाही, तो बँकेच्या शाखेत घेतलेला असला तरी नाही.

तुमचे यजमान आणि दीर दोघेही "टीएफएसए की शेअर" असं बोलतात असं पत्रातून जाणवलं. टीएफएसए, आरआरएसपी, एफएचएसए हे डबे आहेत. शेअर, बाँड, जीआयसी हा त्यांत ठेवायचा खाऊ. आधी पैसे कधी लागणार ते ठरवा, मग डबा आणि शेवटी खाऊ.

टीएफएसएतले २२,९०० निवृत्तीसाठी आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणजे वीस-पंचवीस वर्षं. इतक्या लांबच्या पैशात शेअर हवेतच. पण एकट्या कॅनडाच्या बँकांचे नकोत. तुमच्या दोघांच्या नोकऱ्या इथं, होणारं घर इथं, कर्ज इथल्या बँकेचं. सगळी अंडी आधीच याच टोपलीत आहेत. कॅनडाचा बाजार जगाच्या बाजाराच्या जेमतेम तीन-चार टक्के. आणि एखादी कंपनी कितीही मोठी असो : २००० मध्ये नॉर्टेल टोरोंटोच्या निर्देशांकाचा एक तृतीयांशाहून मोठा भाग होती, शेअर १२४ डॉलरवर होता. जानेवारी २००९ मध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली. सुरक्षित म्हणून तिच्यात निवृत्तीचे पैसे घातलेली कुटुंबं याच ओंटारिओतली होती.

तुमच्यासारख्या कामाच्या घाईत असलेल्या माणसांना एकाच ईटीएफमध्ये (शेअरसारख्या बाजारात विकत मिळणाऱ्या फंडात) जगभरचे शेअर आणि बाँड देणारे तयार संच सोयीचे पडतात. व्हॅनगार्डचा व्हीबॅल, आयशेअर्सचा एक्सबॅल, बीएमओचा झेडबॅल यांत साधारण साठ टक्के शेअर आणि चाळीस टक्के बाँड असतात. त्यांच्याच व्हीग्रो, एक्सग्रो, झेडग्रोमध्ये ऐंशी आणि वीस. शेअरच्या भागात कॅनडा पंचवीस ते तीस टक्के, बाकी अमेरिका आणि उरलेलं जग. खर्च वर्षाला पाव टक्क्याहून कमी. प्रमाण बिघडलं की फंड स्वतःच ते सावरतो. साठ की ऐंशी, हे ठरवताना परताव्याचे तक्ते बाजूला ठेवा आणि हे करा : टोरोंटोचा निर्देशांक जून २००८ ते मार्च २००९ मध्ये जवळपास निम्म्यावर आला होता. ऐंशी टक्के शेअर असलेले २२,९०० अशा वेळी चौदा हजारांपर्यंत उतरलेले दिसू शकतात, साठ टक्के असलेले सोळा हजारांपर्यंत. तो आकडा कागदावर लिहून आठवडाभर फ्रिजवर लावा. अकराशेच्या तुटीनं तुमची झोप उडाली आहे, हे लक्षात घेता मी साठ-चाळीसनं सुरुवात करायला सांगेन. वर्षा-दोन वर्षांनी नवी भर ऐंशी-वीसमध्ये टाकता येईल. आणि हो, त्यातल्या चाळीस टक्क्यांत तोच बाँड असणार आहे ज्यानं तुम्हाला दुखवलं. तिथं तो योग्य जागी असेल, कारण पैसे लागायला ड्युरेशनपेक्षा कितीतरी जास्त वर्षं आहेत.

ऑर्डर टाकताना घाई करू नका. बाजार टोरोंटो वेळेप्रमाणे साडेनऊला उघडतो आणि चारला बंद होतो. पहिली आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं सोडा, तेव्हा घेण्या-विकण्याच्या भावांतलं अंतर रुंदावतं. समजा, विकणाऱ्याचा भाव ३६.४३ दिसतो आहे. २२,९०० भागिले ३६.४३ म्हणजे ६२८ युनिट, रक्कम २२,८७८ डॉलर. मार्केट ऑर्डर नको, लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावापेक्षा महाग न घेणारी) निवडा, किंमत ३६.४३ घाला, वैधता "आजचा दिवस". रात्री अंथरुणात फोनवर मार्केट ऑर्डर टाकून ठेवली, तर सकाळी उघडताना मिळेल त्या भावाला सौदा होतो. नावाखाली टोरोंटो एक्स्चेंज आणि कॅनेडियन डॉलर आहे याची खात्री करा, नाहीतर डॉलर बदलण्यात दीड-दोन टक्के जातात. सौदा एका कामकाजाच्या दिवसात पुरा होतो. ब्रोकर निवडताना तो सीआयआरओ या ब्रोकरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा सदस्य आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर बघा. सदस्य ब्रोकर बुडाला तर सीआयपीएफ हा गुंतवणूकदारांचा संरक्षण निधी दहा लाख डॉलरपर्यंत संरक्षण देतो, बाजार पडल्याचं मात्र देत नाही.

ब्रोकर वगैरे नकोच वाटत असेल, तर त्याच बँकेत, त्याच टीएफएसएत बाँड फंड बदलून इंडेक्स फंडांचा कमी खर्चाचा संतुलित संच मागा. तो प्रतिनिधी आपणहून सांगेलच असं नाही, तेव्हा "याचा एमईआर किती?" हे थेट विचारा.

मुलीच्या शिक्षणासाठीच्या बचत खात्याचा, म्हणजे आरईएसपीचा, उल्लेख पत्रात कुठंच नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचलं. त्यात वर्षाला २,५०० डॉलर भरले की सरकार वीस टक्के, म्हणजे ५०० डॉलर अनुदान घालतं, एका मुलाला एकूण ७,२०० पर्यंत. मागं राहिलेल्या वर्षांपैकी एका वेळी एकाच वर्षाचं अनुदान घेता येतं, म्हणून यंदा ५,००० भरले तर हजार डॉलर मिळतील. लेक २०२२ ची असल्यानं चार वर्षं असे पाच-पाच हजार भरले की सगळी थकबाकी वसूल होईल. पुढच्या वसंतात येणारे ते ४,७०० इकडंच वळवा. लागतो फक्त तिचा सिन (सोशल इन्शुरन्स) नंबर. आणि यजमानांच्या कंपनीत आरआरएसपीला कंपनी आपली भर घालत असेल, तर ती सोडून बाकी कुठलाही विचार करू नका.

कॅनडा सेव्हिंग्ज बाँडची विक्री २०१७ मध्येच बंद झाली, शेवटचे २०२१ मध्ये परत घेतले गेले. ऑफिसातल्या मित्रानं जुनी आठवण सांगितली. सरकारी बाँड ब्रोकरकडून घेता येतात, पण तिथं दलाली वेगळी दिसत नाही, भावातच मिसळलेली असते. आदल्या हप्त्यापासून साचलेलं व्याजही घेताना आपण मोजतो, म्हणून बिल दाखवलेल्या भावापेक्षा जास्त येतं. तुमच्या रकमेला तेवढ्याच मुदतीची जीआयसी सहसा सरकारी बाँडपेक्षा थोडं जास्तच देते.

राहिली पुण्याची एफडी. सासऱ्यांना वाटणारी काळजी खरी आहे, हिशेब मात्र अर्धा आहे. एनआरई एफडीचं व्याज भारतात करमुक्त, पण तुम्ही कॅनडाच्या रहिवासी असल्यानं इथं ते पूर्ण करपात्र. सात टक्क्यांचे तीस टक्के कर वजा जाता ४.९ उरतात. त्यात डॉलरच्या तुलनेत रुपया वर्षाला तीन टक्के उतरला तर हातात दोन टक्के. घर मिसिसागात घ्यायचं असेल तर पैसा डॉलरमध्येच हवा. सासू-सासऱ्यांच्या औषधपाण्यासाठी रुपयांत थोडं ठेवणं ही वेगळी गोष्ट, ते जरूर ठेवा. अनेक वर्षांच्या एफडीचं व्याज मुदतीअखेर मिळत असलं, तरी इथं ते दर वर्षी दाखवावं लागतं, हेही ध्यानात असू द्या.

फ्लॅटबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण कागदपत्रांच्या दृष्टीनं तोच सगळ्यात तातडीचा विषय आहे. भाड्यानं दिलेली मालमत्ता, एफडी, भारतातले म्युच्युअल फंड या सगळ्यांची मूळ किंमत मिळून एका व्यक्तीच्या नावे वर्षात कधीही १,००,००० डॉलरच्या वर गेली, तर रिटर्नसोबत परदेशी मालमत्तेचा टी११३५ फॉर्म भरावा लागतो. कॅनडात पहिल्यांदा रहिवासी झाल्याचं वर्ष, तुमच्या बाबतीत २०२१, त्यातून सुटतं. २०२२ पासून तो लागू होतो. मूळ किंमत म्हणजे तुम्ही फ्लॅट घेतलेला भाव नाही, इथं आलात त्या दिवसाचा बाजारभाव. तेव्हा एका डॉलरला साधारण साठ रुपये होते. पंचाहत्तर लाखांचा फ्लॅट सव्वा लाख डॉलर भरतो, म्हणजे मर्यादेबाहेर. फॉर्म उशिरा भरला तर दिवसाला २५ डॉलर, प्रत्येक वर्षासाठी २,५०० पर्यंत दंड होतो. भाडंही इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते.

हे आजवर भरलेलं नसेल तर सीआरएचं पत्र येण्याची वाट पाहू नका. त्यांच्या व्हॉलंटरी डिस्क्लोजर योजनेतून आपणहून अर्ज केला, तर दंडात सवलत मिळू शकते. पत्र आल्यावर ती वाट अरुंद होते. भारत आणि कॅनडा दोन्हीकडचं काम करणारा कर सल्लागार गाठा. जाताना जून २०२१ च्या तारखेचा फ्लॅटचा मूल्यांकन अहवाल (तो मागच्या तारखेचा आजही करून मिळतो), भाडेकरार, २०२२ पासूनचे फॉर्म २६एएस (भारतात कापलेल्या कराचं विवरण) आणि बँकांची व्याजाची प्रमाणपत्रं बरोबर ठेवा. फ्लॅटच्या करारावर नाव कुणाचं, पैसे कुणी भरले, हेही लिहून न्या, कारण फॉर्म एकानं भरायचा की दोघांनी हे त्यावरच ठरतं.